गावची सुईण आणि सरकारची नोंदवही

(लेखक : नांदूरघाट येथील एक निवृत्त शिक्षक)

आपल्या मातंग समाजाच्या इतिहासाविषयी अलीकडे बरेच लेखन होऊ लागले आहे, ही समाधानाची गोष्ट होय. लहुजी वस्ताद साळवे यांची तालीम, अण्णाभाऊ साठे यांची लेखणी व शाहिरी यांची माहिती आता शाळकरी मुलांसही असते. परंतु समाजातील ज्या स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या गावोगावची बाळंतपणे केली, त्यांच्याविषयी दोन ओळीही सहसा कोठे लिहिलेल्या आढळत नाहीत. नांदूरघाट व आसपासच्या बालाघाटी खेड्यांत आज जे वृद्ध लोक आहेत, ते कोणत्याही जातीचे असोत, त्यांपैकी बहुतेकांचा जन्म घरीच आणि सुईणीच्या हातांवर झालेला आहे. या उपकाराची नोंद कोठे तरी व्हावी, या हेतूने प्रस्तुत लेख लिहीत आहोत.

परंतु केवळ गौरव करणे हा आमचा उद्देश नाही. कायद्याने सुईणीशी कसे वर्तन केले, हाही इतिहास वाचकांपुढे मांडावयाचा आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, गावच्या सुईणीला सरकारने कधी स्पष्ट शब्दांत अपराधी ठरविले नाही आणि कधी स्पष्ट शब्दांत आपलीही म्हटले नाही. गरज होती तेव्हा तिला बोलावले, आणि गरज सरली असे वाटताच वगळले. गरीब स्त्रीच्या दारापर्यंत जाणती, शिकलेली व कायद्याने मान्य असलेली सुईण यावी, ही मागणी मात्र अद्याप पुरी झालेली नाही.

मुक्ताबाईंचा प्रश्न

या विषयाचा आरंभ आपल्याच समाजातील एका मुलीपासून करावा लागतो. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे हिने वयाच्या अवघ्या चौदाव्या वर्षी मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला. तो १८५५ साली ‘ज्ञानोदय’ पत्रात प्रसिद्ध झाला. त्या निबंधात धर्म, राज्य आणि शिक्षण यांविषयीचे तिचे प्रश्न प्रसिद्धच आहेत. परंतु आपल्या जातीच्या स्त्रिया बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परही नसते, थंडी-पावसात त्यांचे काय हाल होत असतील, हाही प्रश्न तिने त्यात विचारला आहे. दुसऱ्यांच्या घरची बाळंतपणे निभावून नेणाऱ्या जातीच्या स्त्रियांना स्वतःच्या बाळंतपणासाठी आडोसा नव्हता, हे त्या चौदा वर्षांच्या मुलीच्या लक्षात आले होते.

पुढे १८६३ साली फुले दांपत्याने पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. फसलेल्या विधवांनी गुपचूप येऊन सुखरूप बाळंत व्हावे, अशी तेथे सोय होती, आणि सावित्रीबाई त्यांची स्वतः शुश्रूषा करीत. बाळंतपण ही केवळ घराच्या चार भिंतींतील गोष्ट नसून समाजाने तिची जबाबदारी घेतली पाहिजे, हा विचार महाराष्ट्रात तेव्हापासून रुजला असे म्हणण्यास हरकत नाही. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात कामकरी स्त्रियांना बाळंतपणाची रजा व भत्ता मिळावा यासाठी विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. आणि १९२९ साली मुंबई प्रांतात तसा कायदा झाला. पण तो कारखान्यांतील स्त्रियांपुरताच होता. शेतात राबणारी बाळंतीण आणि तिची सुईण या दोघीही त्याच्या बाहेरच राहिल्या.

सुईणपणाचे स्वरूप

मराठवाड्यातील पुष्कळ गावांत हे काम आपल्या समाजाच्या स्त्रियांकडे असे. कोठे ते इतर जातींच्या जाणत्या म्हाताऱ्याही करीत. इंग्रजी अमदानीतील जिल्हा गॅझेटियरांतही मांग स्त्रिया सुईणीचे काम करीत असल्याच्या नोंदी आढळतात. एखाद्या घरी वेणा सुरू झाल्या की रात्री-अपरात्री सांगावा येई, आणि सुईण हातातले काम टाकून निघे. ज्या घराचा उंबरा ओलांडण्यास तिला एरवी मज्जाव, त्याच घराच्या आतल्या खोलीत तिला त्या वेळी हाताला धरून नेत. बाळाला पहिला स्पर्श तिचाच होई. नाळ कापणे, वार पुरणे, बाळंतिणीचे अंग चोळणे, शेक-शेगडी, न्हाऊमाखू, पाचवीची सटवाईची पूजा होईपर्यंतची देखरेख, हे सारे तिच्याकडे असे. मग घर सारवून, शिंपडून शुद्ध केले जाई, आणि ती पुन्हा उंबऱ्याबाहेर उभी राही. मोबदला म्हणून पायली दोन पायली जोंधळे, एखादे जुनेर लुगडे, फार तर खण-नारळ. मुलगा झाला तर थोडे अधिक. मुलगी झाली तर देणाऱ्याचा हात आखडे.

हे काम करणाऱ्या वृद्ध माउल्यांशी आम्ही पुष्कळदा बोललो आहोत. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण पोटावरून हात फिरवून मूल उभे आहे की आडवे हे त्या सांगत. बाईला धीर देणे, तिला उगाच जोर लावू न देणे, वार आपोआप पडेपर्यंत वाट पाहणे, ही त्यांची विद्या होती. ‘घाई करील ती सुईण कसली’, असे त्यांतील एक माउली आम्हांस म्हणाल्या होत्या.

तथापि सत्य सांगावयाचे तर दोन्ही बाजू सांगितल्या पाहिजेत. कोठे विळ्याने, कोठे हाती लागेल त्या पात्याने नाळ कापली जाई. तिच्यावर राख किंवा शेणही लावीत, आणि आठवड्याच्या आत कित्येक बालके धनुर्वाताने दगावत. मूल आडवे आले, रक्त थांबेना किंवा बाईला झटके येऊ लागले, तर सुईणीच्या हाती काही उरत नसे. १९४६ साली भोर समितीने आपला अहवाल सादर केला. देशात दर हजार जन्मांमागे सुमारे २० माता मृत्यू पावतात व वर्षाकाठी सुमारे दोन लाख स्त्रिया बाळंतपणात प्राण गमावतात, असा अंदाज तीत दिलेला आहे. या मृत्यूंचा सारा दोष सुईणीच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. कारण दारिद्र्य, बालविवाह, अशक्तपणा आणि दवाखान्याचे अंतर ही कारणे तिच्या हातची नव्हती. पण स्वच्छतेचे अज्ञान हेही एक कारण होते, हे नाकारता येणार नाही.

हे अज्ञान केवळ निरक्षरांचे नव्हते, हेही सांगितले पाहिजे. १८४७ साली व्हिएन्ना येथील मोठ्या रुग्णालयात डॉ. सेमेलवाइस यांना असे दिसून आले की, ज्या विभागात वैद्यकीय विद्यार्थी व डॉक्टर बाळंतपणे करीत, तेथे बाळंतज्वराने मरणाऱ्या माता अधिक. आणि ज्या विभागात सुईणी काम करीत, तेथे कमी. विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणीकडे येत, हे त्याचे कारण. त्यांनी क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याचा नियम घातला, आणि मृत्यूंची संख्या झपाट्याने उतरली. तात्पर्य, माता वाचते ती स्वच्छ हातांनी. ते हात पदवीधराचे की निरक्षराचे, हा प्रश्न त्यानंतरचा आहे.

कायद्याचा प्रवेश

इंग्लंडात १९०२ साली सुईणींचा कायदा झाला. प्रमाणपत्रावाचून कोणी पैशासाठी नित्य हा धंदा करू नये, असे तेथे १९१० पासून ठरले. मात्र त्या कायद्याने पूर्वीपासून काम करणाऱ्या प्रामाणिक सुईणींनाही नोंदवहीत नाव घालण्याची संधी दिली होती. भारतात १८८५ साली डफरिन फंड निघाला आणि १९०३ साली लेडी कर्झन यांच्या पुढाकाराने व्हिक्टोरिया स्मारक शिष्यवृत्ती निधी स्थापन झाला. या दुसऱ्या निधीचा उद्देशच मुळी देशी दाईंना शिकविणे हा होता. म्हणजे परंपरेने काम करणाऱ्या स्त्रीला शिकवून सामावून घ्यावे, हा विचार सव्वाशे वर्षांचा जुना आहे.

मुंबई प्रांतात १९३५ साली परिचारिका, प्रसविका व आरोग्य अभ्यागत यांच्या नोंदणीचा कायदा झाला. १९४७ साली भारतीय परिचर्या परिषदेचा मध्यवर्ती कायदा आला, १९५४ साली मुंबई राज्याचा सुधारलेला कायदा आला आणि १९६६ साली महाराष्ट्र परिचारिका अधिनियम झाला. आपला बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, आणि १ मे १९६० पासून आपण महाराष्ट्रात आहोत. त्यामुळे ही नोंदवही आपल्याकडे उशिरानेच पोहोचली. ती आली तरी तिच्यात नाव घालण्यास शालेय शिक्षण, ठराविक अभ्यासक्रम आणि परीक्षा यांची अट होती. जिच्या समाजाला शतकानुशतके शाळेची पायरी चढू दिली नाही, त्या निरक्षर सुईणीला ही वाट कशी चालता येणार? कायद्याने तिच्यासाठी दरवाजा बंद केला असे नव्हे. पण दरवाजा इतका उंचावर बांधला की तिचा हात तेथवर पोहोचेना.

एका कायद्यात मात्र तिची आठवण ठेवलेली आहे. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यातील दहाव्या कलमान्वये, जन्माच्या वेळी हजर असणाऱ्या सुईणीवर त्या जन्माची खबर निबंधकास देण्याचे कर्तव्य सोपविले आहे. म्हणजे कर्तव्य सांगताना कायद्याला सुईण दिसली, पण अधिकार देताना दिसली नाही.

आम्ही शिक्षकाच्या पेशात असल्यामुळे या कलमाचे महत्त्व आम्हांस चांगले ठाऊक आहे. जन्माचा दाखला नसलेले मूल शाळेत आले की मराठवाड्यातील पुष्कळ शाळांत जन्मतारखेच्या रकान्यात १ जून ही तारीख पडे. आज पन्नाशी-साठीतील कितीतरी माणसे कागदोपत्री एकाच दिवशी जन्मलेली आहेत, याचे मर्म हेच. पण सुईणीला विचारले तर ती नेमके सांगे : पोळ्याच्या आदल्या रात्री, अमक्याच्या घरी लग्नाचा मांडव पडला होता तेव्हा, दुष्काळाच्या कामावर खडी फोडीत होतो त्या वर्षी. तिची साक्ष कोणी लिहून घेत नसे, इतकेच. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांच्या बाबतीत शाळाप्रवेशापासून पुढील बहुतेक कामांसाठी जन्मदाखला हाच आधार मानण्याचा कायदा लागू झाला आहे. त्यामुळे जन्माच्या वेळी कोण हजर होते, हा प्रश्न आता अधिकच गंभीर झाला आहे.

जनगणनेच्या कामावर आम्ही घरोघर फिरलो, तेव्हाही हाच अनुभव आला. व्यवसाय विचारला तर शेकडो बाळंतपणे केलेली माउली ‘शेतमजुरी’ असेच सांगे. सुईणपण हा व्यवसाय आहे, असे तिला स्वतःलाही कोणी कधी सांगितले नव्हते.

प्रशिक्षित दाई : बोलावणे आणि निरोप

स्वातंत्र्यानंतर १९५१ साली पंजाबात तरणतारण येथे साहाय्यक परिचारिका-प्रसविकांचे शिक्षण सुरू झाले, आणि १९५२ पासून समूह विकास योजनेबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रे निघू लागली. आपण ज्यांना ‘नर्सबाई’ म्हणतो त्या याच मार्गाने खेड्यांत आल्या. परंतु एका नर्सबाईकडे अनेक गावे. रात्रीची हाक तिच्यापर्यंत पोहोचणे कठीण. म्हणून १९७७ च्या ग्रामीण आरोग्य योजनेत परंपरागत दाईंना शिकविण्याचा कार्यक्रम मोठ्या प्रमाणावर हाती घेण्यात आला. महिनाभराचे शिक्षण, ३०० रुपये विद्यावेतन, देखरेखीखाली किमान दोन बाळंतपणे, आणि अखेर एक प्रमाणपत्र व साहित्याची पेटी, असे त्याचे स्वरूप होते. आरोग्य केंद्रात नोंदविलेल्या प्रत्येक बाळंतपणामागे १० रुपये आणि नोंदविलेल्या प्रत्येक अर्भकामागे ३ रुपये देण्याची तरतूद होती. हात स्वच्छ, जागा स्वच्छ, पाते स्वच्छ, दोरा स्वच्छ आणि नाळ स्वच्छ, हे पाच नियम दाईंना तोंडपाठ करविले जात.

रक्कम थोडी होती, पण ज्या स्त्रीला कोणी खुर्चीवर बसा म्हटले नव्हते, तिला सरकारी केंद्रात बसवून शिकविले गेले आणि तिच्या हाती तिच्या नावाचा कागद आला, ही गोष्ट लहान नव्हे. गर्भवतीस धनुर्वाताची लस आणि नाळेस नवे पाते या दोन उपायांनी नवजात बालकांचा धनुर्वात हटविण्यास मोठे साहाय्य झाले, आणि त्या कार्यात दाईंचाही वाटा होता.

पुढे जागतिक मत बदलले. केवळ अल्प प्रशिक्षण दिलेल्या दाईमुळे मातामृत्यू पुरेसे घटत नाहीत, कारण अडलेल्या बाळंतपणात शस्त्रक्रिया, रक्त व औषधे लागतात, असा निष्कर्ष निघाला. २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेने ‘कुशल प्रसूतिसेविका’ ही व्याख्या प्रसूतितज्ज्ञ व प्रसविका यांच्या जागतिक संस्थांसह मांडली. तीत परंपरागत दाईला स्थान नव्हते. एप्रिल २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर जननी सुरक्षा योजना आली. दवाखान्यात बाळंत होणाऱ्या गरीब स्त्रीला पैसे मिळू लागले आणि गावात ‘आशा’ नेमल्या गेल्या. दाईचे शिक्षण मागे पडले. आमच्या भागातील वृद्ध सुईणींना कोणी लेखी मनाई दाखविली नाही. पण काही बरेवाईट झाले तर तुमच्यावर येईल, असे त्यांना तोंडी बजावण्यात आल्याचे त्या सांगत.

या धोरणाचे फळ चांगले आले, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. महाराष्ट्रात दवाखान्यात होणाऱ्या बाळंतपणांचे प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्ये शेकडा ६४.६ होते, ते २०१९-२१ मध्ये ९४.७ झाले. राज्यातील मातामृत्यूंचे प्रमाण २००१-०३ मध्ये दर लाख जन्मांमागे १४९ होते, ते २०१८-२० मध्ये ३३ वर आले. ज्या माता वाचल्या, त्यांत आपल्या लेकी-सुनाही आहेत. पण दर शंभरातील जी पाच बाळंतपणे दवाखान्याबाहेर होत राहिली, ती कोणाची? ती डोंगरातील वाड्यांची, पाड्यांची आणि ऊसतोडीला गेलेल्यांची. म्हणजे जिला मदतीची गरज सर्वांत अधिक, तिच्याजवळची दाई हटली आणि तिच्या जागी रात्री येणारे कोणी आलेच नाही.

जामखेड, गडचिरोली आणि नंदुरबार

दाईला वगळण्यापेक्षा तिला शिकवावे व मान द्यावा, हे लोकांनी प्रत्यक्ष करून दाखविल्याची उदाहरणे दूर शोधावयास नकोत. आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या जामखेड येथे १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. प्रारंभी त्यांनी खेड्यांत परिचारिका पाठविण्याचा प्रयत्न केला. तो फारसा फळास आला नाही. मग गावाने निवडलेल्या गावच्याच स्त्रियांना शिकविण्यास सुरुवात झाली. त्यांत पुष्कळ निरक्षर, पुष्कळ दलित, कित्येक टाकलेल्या किंवा विधवा स्त्रिया होत्या. त्या गर्भवतींची तपासणी करू लागल्या, घरची बाळंतपणे स्वच्छतेने करू लागल्या आणि अडचणीची लक्षणे दिसताच बाईला वेळेवर जामखेडच्या दवाखान्यात पाठवू लागल्या. या स्त्रिया दवाखान्याशी बांधलेल्या होत्या, हेच त्या कामाच्या यशाचे रहस्य होय. आरोळे दांपत्यास १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

या प्रकल्पातील एक आरोग्यसेविका मुक्ताबाई पोळ १९८८ साली वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत बोलल्या. सभागृहातील मोठी झुंबरे पाहून त्यांनी सांगितले की, बडे डॉक्टर हे अशा झुंबरांसारखे सुंदर पण महाग आणि दूरचे असतात. आपण मात्र साध्या पणत्या आहोत, एकीवरून दुसरी पेटविता येते. १८५५ मध्ये एका मुक्ताबाईने प्रश्न विचारला आणि १९८८ मध्ये दुसऱ्या मुक्ताबाईने स्वतःच्या कामाने त्याचे उत्तर दिले, असे आम्हांस वाटते.

गडचिरोलीत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनेही घरच्याच बाळंतपणांचा विचार केला. तेथे गावच्या दाईबरोबर शिकलेली ‘आरोग्यदूत’ स्त्री बाळंतपणास हजर राही व नवजात बालकाची घरी काळजी घेई. १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांत केलेल्या या प्रयोगाचा वृत्तांत १९९९ साली ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात आला. तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने नवजात बालकांचे मृत्यू तिसऱ्या वर्षी शेकडा ६२ ने घटले होते. थोडे शिकलेल्या स्त्रीने इंजेक्शन द्यावे काय, असा आक्षेप यावर घेतला गेला. पण आकड्यांपुढे तो टिकला नाही, आणि २०११ साली केंद्र सरकारने घरच्या घरी नवजात बालकांची काळजी घेण्याचा कार्यक्रम आशांमार्फत देशभर स्वीकारला. आपल्या शेजारी धाराशिव जिल्ह्यातील अणदूर येथेही डॉ. शशिकांत व डॉ. शुभांगी अहंकारी यांनी गावच्या स्त्रियांना ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केले.

नंदुरबारचे उदाहरण अलीकडचे आहे. पुण्याच्या डॉ. मीरा सद्गोपाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘जीवा’ नावाचा अभ्यास हाती घेतला. त्यात नंदुरबारसह हिमाचल, झारखंड व कर्नाटक येथील एकेका जिल्ह्यातील दाईंच्या कामाची पाहणी केली गेली. गुजरातेत दाईंनी स्वतःचे संघटनही उभे केले. या सर्वांची मागणी दवाखाना बंद करा अशी नाही. दाईचे ज्ञान तपासून घ्यावे, तिला शिकवावे, तिची नोंद ठेवावी, तिला मोबदला द्यावा, आणि अडलेल्या बाईला घेऊन ती दवाखान्यात आली तर तिला दारातून हाकलू नये, एवढेच त्यांचे म्हणणे आहे.

परदेशातील मातांची मागणी

हा प्रश्न केवळ गरीब देशांचा आहे असे समजू नये. अमेरिका, कॅनडा यांसारख्या श्रीमंत देशांत विसाव्या शतकात सुईण जवळजवळ नाहीशी झाली. त्याविरुद्ध तेथील मातांनी, सामान्य गृहिणींनी सभा भरविल्या, अर्ज केले, आमदारांकडे खेटे घातले. न्यूझीलंडमध्ये १९९० साली सुईणीला डॉक्टरच्या हुकमाशिवाय स्वतंत्रपणे काम करण्याचा अधिकार कायद्याने परत मिळाला. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात १९९१ साली सुईणींचा कायदा संमत झाला, आणि आता तेथे नोंदणीकृत सुईण घरी किंवा रुग्णालयात, बाई म्हणेल तेथे बाळंतपण करते. अमेरिकेत हा लढा राज्याराज्यांतून वेगवेगळा चालला. हंगेरीच्या एका मातेच्या दाव्यात युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने १४ डिसेंबर २०१० रोजी निर्णय दिला की, कोणत्या परिस्थितीत बाळंत व्हावे हे ठरविणे हा स्त्रीच्या खासगी जीवनाचा भाग आहे, आणि कायदा संदिग्ध ठेवून घरी येणाऱ्या सुईणीला शिक्षेच्या भयाखाली ठेवणे योग्य नव्हे.

संदिग्ध कायद्याचे भय काय असते, हे आपल्या म्हाताऱ्या सुईणी त्या न्यायालयाला सांगू शकल्या असत्या. फरक इतकाच की त्या देशांतील स्त्रियांनी दवाखाना दाराशी असताना घरी बाळंत होण्याचा हक्क मागितला. आपल्या स्त्रियांना मात्र दवाखाना दूर असल्यामुळे घरी बाळंत व्हावे लागते.

कोपीतील बाळंतपण

आता आपल्या जिल्ह्याच्या जिव्हाळ्याच्या प्रश्नाकडे वळू. दसरा-दिवाळी झाली की केज, पाटोदा, धारूर, वडवणी भागांतून मजुरांच्या टोळ्या ऊसतोडीला निघतात. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल घेतलेली. चार-सहा महिने कारखान्याच्या आसपास कोपीत मुक्काम. आपल्या समाजातील कितीतरी कुटुंबे यांत आहेत. गर्भवती स्त्री पहाटेपासून ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावर वाहून गाडी भरते. तिची नोंद तिच्या गावच्या उपकेंद्रात, तिची आशा गावी, तिची औषधे गावी, आणि वेणा मात्र परमुलखातल्या फडात. २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आली, तिचा पुष्कळांना आधार झाला. तरी ज्या फडापर्यंत गाडी वेळेवर पोहोचत नाही, तेथे शेजारच्या कोपीतली एखादी अनुभवी बाईच पुढे होते. तिच्याजवळ ना नवे पाते, ना शिक्षण, ना अधिकार. शंभर वर्षांपूर्वीच्या सुईणीहून तिची स्थिती वाईट आहे. कारण जुनी विद्या तिला कोणी दिलेली नाही आणि नवी तिच्यापर्यंत आलेली नाही.

बीडच्या ऊसतोड स्त्रियांकडे राज्याचे लक्ष २०१९ साली वेगळ्या कारणाने वेधले गेले. शासनाने नेमलेल्या डॉ. नीलम गोऱ्हे समितीच्या वेळी जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, आणि त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. खाडा पडला की दंड, अंगावरचे दुखणे सांगायला जाणती स्त्री जवळ नाही, आणि दवाखान्यात गेले की थेट शस्त्रक्रिया, अशी ही साखळी आहे. वेळेवर खरे सांगणारी, विश्वासाची, शिकलेली सुईण जर टोळीबरोबर असती, तर यांतील कितीतरी जणींना साधा सल्लाच पुरला असता, असे आम्हांस वाटते.

आपले कर्तव्य

काळ पुन्हा अनुकूल होत आहे. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने प्रसविका-सेवेविषयीची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. नोंदणीकृत परिचारिकांना अठरा महिन्यांचे विशेष शिक्षण देऊन, साधी बाळंतपणे स्वतंत्रपणे करणाऱ्या प्रसविका तयार कराव्यात, असे तीत ठरले आहे. २०२३ साली राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा कायदा झाला आणि १९४७ च्या जुन्या कायद्याची जागा घेण्याची तरतूद त्यात करण्यात आली. कायद्याच्या नावातच आता सुईणपण आले आहे. पण या नव्या प्रसविकांची योजना रुग्णालयांभोवती आखलेली आहे. कोपीपर्यंत व वाडीपर्यंत ती कशी पोहोचेल, याचा विचार व्हावयाचा आहे. तो आपणच मागितला पाहिजे.

काही बंधू म्हणतील, हे हलके मानलेले काम आपण सोडले तेच बरे झाले. पुन्हा त्याचे नाव कशाला? डॉ. बाबासाहेबांच्या चळवळीनंतर गावकीची अपमानाची कामे पुष्कळ घरांनी निर्धाराने सोडली, त्यांत सुईणपणही सुटले. अपमान सोडला हे उत्तमच झाले. पण अपमान त्या कामात नव्हता. तो उंबऱ्याबाहेर उभे करण्यात होता, जुनेर लुगडे फेकण्यात होता. तीच विद्या आता पदविका, वेतन आणि पांढऱ्या गणवेशासह मिळत असता आपल्या मुलींनी तिच्यावरचा वारसा का सोडावा?

म्हणून सभासद कुटुंबांस आमच्या चार विनंत्या आहेत. पहिली, दहावी-बारावी झालेल्या मुलींना परिचर्या व प्रसविका शिक्षणाकडे वळवावे, आणि आपल्या संघाने दरसाल निदान एका गरजू मुलीच्या शिक्षणाचा भार उचलावा. दुसरी, ऊसतोडीस निघण्यापूर्वी टोळीतील प्रत्येक गर्भवतीचे माता-बाल कार्ड बरोबर आहे ना, आणि कारखान्याजवळचे आरोग्य केंद्र कोणते, हे टोळीतील शिकलेल्या मुलाने पाहावे. तिसरी, प्रत्येक टोळीत एका जाणत्या स्त्रीला स्वच्छ बाळंतपणाचे व धोक्याची लक्षणे ओळखण्याचे शिक्षण आणि साहित्य शासनाने द्यावे, तिची नोंद ठेवावी, आणि तिने आणलेल्या बाईला कोणत्याही सरकारी दवाखान्यात विनाविलंब घ्यावे, असा ठराव आपल्या वार्षिक सभेत करून तो जिल्हा परिषदेकडे व आमदारांकडे पाठवावा.

चौथी विनंती सर्वांत सोपी आहे व तिला वेळ मात्र थोडा उरला आहे. आपापल्या गावात सुईणपण केलेल्या ज्या माउल्या हयात आहेत, त्यांच्याजवळ बसून त्यांचे नाव, त्यांनी किती वर्षे हे काम केले, कोणाकडून शिकल्या, ही माहिती त्यांच्या संमतीने लिहून घ्यावी आणि स्मरणिकेच्या संपादकांकडे पाठवावी. गेलेल्यांची नावे घरच्यांनी कळवावीत. सरकारच्या नोंदवहीत त्यांना जागा मिळाली नाही. आपल्या समाजाच्या वहीत तरी ती पुढच्या वर्षी मिळावी, अशी आमची इच्छा आहे. नांदूरघाटची यादी करण्यास आम्ही आरंभ केला आहे.